उपासाच्या पिठाची सोबा

आमच्या घरात एक पदार्थ आठ-नऊ वर्षं सतत नापास होत होता. करणारी मी, परीक्षक माझा नवरा आणि निकाल दर वेळी एकच: "तशी नाही." पदार्थ जपानी, नाव सोबा. करड्या रंगाच्या बारीक लांब शेवया, थंड करून बांबूच्या चटईवर वाढलेल्या, सोबत वाटीत काळसर खारट रस. शेवया त्यात बुडवायच्या आणि सुर्र करून ओढून खायच्या. हे सगळं मी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, कारण मी जपानला गेलेली नाही. जाणार मी होते. माझ्या जागी तो गेला. बोलताना मी त्याला तुम्हीच म्हणते, पण इथे लिहिताना 'तो'च लिहिणार आहे. तेवढी मोकळीक मी घेतली तर कोणाचं काही बिघडत नाही.

आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि मग जुन्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध, दुसरी कोरी करकरीत राजधानी वसवायचं ठरलं. तिच्या रस्त्यांचं काम आमच्याकडे होतं. मी नकाशे काढायची, तो जमिनीच्या फायली सांभाळायचा. कचेरी तेव्हा शंकर नगरात एका भाड्याच्या दुमजली घरात होती आणि माझं टेबल वरच्या मजल्यावर खिडकीशी होतं. तिथे बसून मी भाताच्या बांध्यांवरून सहा-सहा पदरी रस्ते नेले. माझं माहेर वर्ध्याकडचं. त्याचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे ते कुटुंब दोन पिढ्यांपासून इकडचंच. घरात आम्ही मराठी बोलतो, मुलीला ते सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते.

जपानमधली नव्याने वसवलेली शहरं बघायला एक तुकडी जाणार होती आणि आमच्या विभागातून एक नाव मागवलं होतं. साहेबांनी माझं दिलं. मेहरबानी म्हणून नाही, रस्ते मी काढत होते म्हणून. मी पासपोर्ट काढला. एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात प्रश्न लिहून काढले. फुटपाथ किती रुंद ठेवतात, माणूस रस्ता कुठून ओलांडतो, झाडं रस्त्यापासून किती अंतरावर लावतात, स्टेशनातून बाहेर पडलेली गर्दी कुठे जाते, म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा कुठे असते. एकेका प्रश्नाखाली उत्तरासाठी अर्धं पान मोकळं सोडलं. त्या वयात मी कुठल्याच गोष्टीची इतकी वाट बघितलेली नव्हती.

निघायला तीन आठवडे होते तेव्हा सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात नवरा माझ्याशेजारी येऊन बसला आणि आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "तू नसशील तं आईचं कोन करन? मले तं तिले लुगडंबी नेसवता येत नाही."

हे खरंच होतं. त्याला स्वतःचा रुमाल सापडत नसे. मी म्हटलं, "मग नाही जात मी. कळवून देते साहेबांना."

"जागा काहून सोडतं पन? आपल्या विभागाची जागा आहे. दुसऱ्या कोनाले गेली तं काय फायदा? मी जातो. तू पुढच्या खेपेले जाजो."

पुढची खेप हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्ज मीच लिहिला, 'पारिवारिक कारणों से'. माझं अक्षर कचेरीत सगळ्यात चांगलं, त्यामुळे माझ्याऐवजी त्याचं नाव घ्यावं ही टिपणीही माझ्याच अक्षरात गेली. साहेबांनी सही करण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

परदेशी निघालेल्या आपल्या माणसाबरोबर घरचं खाणं बांधून द्यायची रीत आहे. मी पातळ पोह्यांचा मोठा पिंपभर चिवडा केला, बेसनाचे लाडू केले, शंकरपाळे केले. सगळं पिशव्यांत भरून त्याच्या बॅगेत रचलं आणि सगळ्यात वर माझी वही ठेवली. म्हटलं, "जमेल तेवढी उत्तरं लिहून आणा." तो म्हणाला, "सगळी आनतो."

तो परत आला तेव्हा त्याने मला एक घडीचा पंखा आणला, मुलीला शोकेसमध्ये ठेवायची एक बाहुली आणली आणि वही परत दिली. मी ती संध्याकाळी, सासूबाईंचं अंग पुसून झाल्यावर, कुशीवर करून झाल्यावर, त्यांचं जेवण झाल्यावर उघडली. प्रश्न होते. खालची अर्धी पानं पांढरीच होती.

"वेळच नाही झाला," तो म्हणाला. "लय धावपळ होती."

"फुटपाथ तरी किती रुंद होते?"

"मोठे होते."

मी वही मिटली. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी वाटलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "पन एक गोष्ट खाल्ली म्या. तुले सांगतो." आणि त्याने सोबाची गोष्ट सांगितली. स्टेशनाजवळचं छोटंसं दुकान, काचेमागे पीठ मळणारा म्हातारा, बांबूची चटई, थंड शेवया, काळा रस. मला खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी राग आला नाही. मी खाटेवर पाय वर घेऊन बसले आणि विचारत गेले. म्हातारा कणीक कशी लाटत होता, शेवया कापत होता की पाडत होता, लोक बसून खात होते की उभ्याने. त्याने सगळं सांगितलं. मी न बघितलेल्या देशातलं एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी ते अधाशासारखं घेतलं.

मग ती गोष्ट घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाऊ लागली. दर पाहुण्यागणिक त्या दुकानात एकेक गोष्ट वाढत गेली. आधी म्हाताऱ्याची बायको आली, मग एक मांजर आलं, मग म्हातारा याला वाकून नमस्कार करू लागला. पाहुणे माझ्याकडे वळून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही करून बघा ना." नवरा म्हणायचा, "हो ना, करून पाय ना तू. तुले शेवयाचा हात आहे."

तो मला होता. आमच्याकडे विदर्भात काडीवर गुंडाळून सरगुंडे करतात, आमरसाबरोबर खायला. ते मी आईच्या मांडीशी बसून शिकलेली. म्हटलं, ज्या बाईला सरगुंडे येतात तिला सोबाचं काय एवढं.

आधी मी बाजारात शोधलं. रायपुरात तेव्हा चायनीजच्या गाड्यांवर मिळायच्या त्या पिवळ्या शेवया आणि दुकानात पाकिटातल्या. दोन्ही आणून बघितल्या. "तशी नाही." मग मुलीने कॉलेजातल्या कम्प्यूटरवरून एक कागद छापून आणला, त्यावरून कळलं की सोबाचं पीठ म्हणजे आपला कुट्टू. हे वाचून मी हसलेच. कुट्टू आमच्या घरात होता. आम्हा मराठी लोकांच्या उपासाला साबुदाणा, भगर, शिंगाडा. पण इतकी वर्षं हिंदी मुलखात राहून शेजारणींच्या नवरात्राचा कुट्टूही आमच्या डब्यात शिरला होता. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग "गहू नाही ना ते? मंग चालते" म्हणून त्याला पास केलं. कचेरीतली एक बाई सरगुज्याकडची होती. तिने सांगितलं, तिच्या भागात, मैनपाटच्या पठारावर हेच पीक घेतात, तिकडे त्याला टाऊ म्हणतात. ती गावी गेली की माझ्यासाठी ताजं पीठ आणायची. म्हणजे ज्या पदार्थासाठी माणूस विमानात बसून गेला, त्याचं पीठ आमच्याच राज्यातल्या डोंगरावर होतं आणि फडताळातल्या उपासाच्या डब्यात वर्षातून दोनदा येत होतं.

त्या डब्याविषयी सांगायला हवं. आमच्या घरात उपासाचं सगळं वेगळं. डबा वेगळा, परात वेगळी, मीठसुद्धा वेगळं. धान्याचा हात त्याला लावायचा नाही, पोळ्या करताना तर त्या फडताळाकडे बघायचंही नाही. हा सासूबाईंचा नियम होता आणि त्या खाटेवर पडल्यापडल्या कानांनी राखण करायच्या. डब्याचं झाकण वाजलं की आतून आवाज यायचा, "हात धुतला का वो?" मी सोबा केली ती उपासाच्या परातीत, उपासाच्या हातांनी. मुलीने आणलेल्या कागदावर सामानाची पहिली ओळ कुट्टूच्या पिठाची होती. दुसरी ओळ गव्हाच्या पिठाची होती. ती मी वाचली आणि सोडून दिली. परदेशी केकच्या कृतीत अंड्याची ओळ आली की आपण जशी सोडून देतो तशी, न थांबता. उपासाच्या पिठात कणीक कोण घालतं?

त्या पिठाने माझा अंत पाहिला. मळताना गोळा व्हायचं, लाटताना चिरा पडायच्या. कापायला गेलं की तुकडे, सोऱ्यातून पाडलं तर पाण्यात पडताच तुकडे. गरम पाण्याने मळलं, थंड पाण्याने मळलं, मळून ओल्या फडक्यात ठेवलं. बोटभर लांबीच्या वर एकही शेवई गेली नाही. माझी सरगुंड्यांची सगळी मिजास त्या परातीत उतरली. काळा रस मी चायनीज सॉसच्या बाटलीतून, पाणी, आलं आणि चिमूटभर गूळ घालून करायची. ताटलीत बांबूची चटई म्हणून देवघरातली पूजेची लहान चटई धुवून घेतली होती. तिच्यावर ते तुकडे मांडायची आणि त्याच्यासमोर ठेवायची.

तो एक तुकडा उचलायचा, चावायचा आणि वर पंख्याकडे बघायचा. मग म्हणायचा, "तशी नाही."

"तुटली म्हणून?"

"तुटली ते तं आहेच. पन तशी नाही."

"मीठ कमी आहे? पीठ जाड आहे? रस गोड झाला? काय ते सांगा ना."

"कसं सांगू आता? वेगळीच होती ते."

मी आडव्या डोक्याची बाई आहे. कोणी मला चूक दाखवली तर मी ती दुरुस्त करते, पण चूक न दाखवता कोणी नुसतं नापास केलं की माझ्या अंगाची लाहीलाही होते. दर दोन-तीन महिन्यांनी मी पुन्हा परात घ्यायची. मुलगी म्हणायची, "मम्मी, छोड़ो ना, पापा को खुद नहीं पता उन्हें क्या चाहिए." मी तिलाच दटावायची. बापाबद्दल असं बोलू नये म्हणून.

ते तुकडे आवडीने खाणारं घरात एकच माणूस होतं, सासूबाई. दह्यात कालवून, वरून जिरं-मिरचीची फोडणी घालून मी त्यांना एकादशीला द्यायची. दात नव्हते, तुकडे त्यांना सोयीचेच पडायचे. वाटी पुसून खायच्या आणि म्हणायच्या, "मले तं आवडते बा. त्याले काय पायजे काय मालूम." ज्यांच्यासाठी मी राहिले त्यांनीच काय ते मला पास केलं. त्या पडल्यानंतर पाच वर्षं खाटेवर होत्या. त्यांचं सगळं मी केलं आणि रागारागाने केलं. हे त्यांना माहीत होतं. शेवटच्या वर्षात एकदा वेणी घालताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माह्या हाडापायी तुह्यं जानं राहिलं." मी म्हटलं, "पुढच्या खेपेला जाईन, आई." पुढची खेप अशी काही नसते हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

खेप आली नाही. कचेरी शंकर नगरातून नव्या रायपुरात गेली. मी काढलेल्या रस्त्यांवरून मी बसने जाऊ लागले. बस तासातासाने. रस्ते रुंद, गुळगुळीत, मधे फुलझाडं, आणि उन्हात पायी चालणारं माणूस क्वचितच. थांब्यावर उभी राहिले की मला माझ्या वहीतला प्रश्न आठवायचा, झाडं किती अंतरावर लावतात. मी अंदाजाने लावली होती. सावली रस्त्यावर पडत नव्हती, पलीकडे गवतात पडत होती. ती रोज बघत मी बसची वाट बघायची. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा त्यात एकही शिक्का नव्हता.

मग नवरा निवृत्त झाला. माझी दोन वर्षं बाकी होती. नव्या रायपुरातल्या कचेरीच्या सभागृहात समारंभ झाला, हार, शाल, श्रीफळ, सामोसा. मी पहिल्या रांगेत, मुलगी शेजारी. जपानला त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेला सहकारी खास बिलासपूरहून आला होता. हसतमुख माणूस, मनात काही नसलेला. बोलायला उभा राहिला तसा थेट माझ्याकडे वळला.

"भाभीजी, आज एक राज़ खोल ही देता हूँ. जापान में हम लोग घूमते थे और ये भाईसाहब कमरे में बैठकर आपका चिवड़ा खाते थे. पहले ही दिन स्टेशन में रास्ता भूल गए, दो घंटे बेंच पर बैठे रहे. उसके बाद सरकारी बस आई तो बस में, नहीं तो कमरे में. आख़िरी दिन हम ज़बरदस्ती नूडल खिलाने ले गए. सूँघा, बोले मछली की बास आ रही है, दो धागे मुँह में डाले और कटोरी सरका दी. फिर कमरे में आकर चिवड़ा. आपके चिवड़े ने जापान पार लगा दिया."

सभागृह हसलं. साहेब हसले, शिपाई हसले. मुलगी हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. नवराही हसत होता, मान खाली घालून, हाराच्या फुलांशी चाळा करत. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

परतताना कचेरीची गाडी होती. ड्रायव्हर पुढे, मुलगी त्याच्या बाजूला, मागे आम्ही दोघं आणि मधे हारांचा ढीग. तेलीबांध्याचा तलाव गेला तरी मी काचेबाहेरच बघत होते. घरी आल्यावर मुलगी तिच्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात गेले, तो मागे आला आणि दारात उभा राहिला.

"सांगनार होतो तुले," तो म्हणाला.

"कधी?"

तो चौकटीचा रंग नखाने खरवडू लागला. मग म्हणाला, "काय सांगनार होतो मी? तुई जागा घेऊन गेलो अन् खोलीत बसून चिवडा खाल्ला, असं? तू वही उघडली, तुह्यं तोंड असं झालं होतं. मले काहीतरी सांगा लागत होतं. शेवयाचं सांगितलं तं तू हसली. मंग सांगत गेलो."

एवढ्यावर कदाचित मी त्याला माफ केलं असतं. परक्या देशात स्टेशनावरच्या बाकावर दोन तास घाबरून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला होता आणि त्याची कीवही आली होती. पण माझ्या डोक्यात परात होती.

"मग 'तशी नाही' कशाला म्हणत होतात? पहिल्याच वेळी 'अशीच होती' म्हटलं असतं तर मी सुटले असते ना. नऊ वर्षं मी ते पीठ मळते आहे."

तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "म्या खाल्लीच नव्हती नं धड. हो कसं म्हनू? ते तं खोटं झालं असतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हातारा, त्याची बायको, मांजर, वाकून केलेला नमस्कार, हे सगळं या माणसाच्या हिशेबी खोटं नव्हतं. खोटं तेवढं माझ्या सोबाला हो म्हणणं झालं असतं. मला काय वाटलं ते सांगते. तो जपानला गेला याचा मला त्या क्षणी राग नव्हता. तो तिथे जाऊन कुठेच गेला नाही याचा होता. जागा माझीही गेली आणि त्याचीही. आमच्या दोघांपैकी कोणीच गेलं नाही, फक्त चिवडा जाऊन आला. मी त्याला म्हटलं, "चहा घ्यायचा असेल तर करून घ्या." त्याला चहा करता येत नव्हता. त्या दिवशी तो बिनचहाचा राहिला.

त्यानंतर मी पीठ मळलं नाही. सहा-सात महिने गेले. तेलीबांध्याला तलावासमोर एका नव्या इमारतीत पूर्वेकडच्या देशांचं खाणं देणारं हॉटेल उघडलं. कचेरीतून येताना बसच्या खिडकीतून मला त्याची पाटी दिसायची. एका शुक्रवारी मी तिथे उतरले. हॉटेलात एकटीने जेवायला मी आयुष्यात कधी गेले नव्हते. वेटरने विचारलं, "मैडम, और कौन आ रहा है?" मी म्हटलं, "कोई नहीं." मेनूकार्डात सोबा होती. मासळी नको म्हटल्यावर तो म्हणाला, शाकाहारी लोकांसाठी रस मशरूमचा करतात.

ती आली, चटईवर, थंड, करडी, लांब. मला त्यांच्या त्या दोन काड्यांनी उचलता येईना, काट्याने उचलली, बुडवली आणि ओढली. दाताला जराशी अडते आणि मग सुटते. मागून भाजल्या मातीसारखा वास येतो. हा वास माझ्या ओळखीचा होता. नऊ वर्षं माझ्या परातीतून येत होता. रसही माझ्या रसाहून फार वेगळा नव्हता, मी गूळ जरा जास्त घालत होते एवढंच. न बघता, न चाखता, एका माणसाच्या थापांवरून मी जवळजवळ तिथवर पोचले होते आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि फार राग आला. दोन्ही आवरून मी शेवटच्या शेवईपर्यंत खाल्लं. सुर्र आवाज करून खाल्लं. पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब बघायला लागलं, त्यांना बघू दिलं.

निघताना मी आचाऱ्याला भेटायचं म्हटलं. दार्जिलिंगकडचा चाळिशीचा माणूस होता. मी विचारलं, कुट्टू तुटत कसा नाही?

"आंटी, अकेला कुट्टू तो टूटेगा ही," तो म्हणाला. "चार हिस्सा कुट्टू, एक हिस्सा गेहूँ. गेहूँ ही पकड़ के रखता है."

मुलीने आणलेल्या कागदावरची दुसरी ओळ मला जशीच्या तशी दिसली.

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, "आज सोबा खाऊन आले. तेलीबांध्याला." तो वर्तमानपत्र धरून होता. "एकटीच?" म्हणाला. मी हो म्हटलं. "चांगली होती?" मी म्हटलं, "होती." त्याने आणखी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नऊ वर्षं जे त्याच्याकडे होतं असं मी समजत होते, ते आता खरोखर माझ्याकडे होतं.

रविवारी मी उपासाचा डबा काढला आणि पीठ रोजच्या कणकेच्या परातीत ओतलं. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी झाकण वाजलं तसा माझा हात थांबला. मग मी त्यात मूठभर कणीक घातली. मळताना बोटांनाच कळलं. पीठ धरून राहत होतं. लाटलं, चिरा पडल्या नाहीत. घडी घालून बारीक कापलं, उकळत्या पाण्यात सोडलं, गार पाण्यात काढलं. हातभर लांब शेवया, एकही तुटलेली नाही. पूजेची चटई धुतली, तिच्यावर वाढलं, रसात गूळ कमी घातला.

नवरा पाटावर येऊन बसला. निवृत्त झाल्यापासून तो मला खूश ठेवायला बघत असतो, कोथिंबीर निवडतो, चहासुद्धा शिकला आहे. त्याने शेवई उचलली, बुडवली, खाल्ली आणि खाली मान घालून आणखी घेतली. भराभर खाल्लं त्याने. मग ताटलीवरून डोळे वर करून, शाळेतल्या पोरासारखं, मला विचारलं, "तशीच झाली नं?"

मी एक शेवई उचलली आणि तोंडात घातली. दाताला जराशी अडली आणि मग सुटली. मागून तो वास आला. अगदी तशीच झाली होती, उन्नीस-बीसचाही फरक नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. मी सावकाश चावलं आणि वर पंख्याकडे बघितलं.

"तशी नाही," मी म्हटलं.